चावीच्या बुडाचा हिरवा ठिपका

मंडळी, गोष्टीआधी एक विचारतो. बिघडलेली वस्तू घेऊन तुम्ही बाजारात गेलात. एक दुकानदार वस्तू हातात पडताच म्हणाला, "ठेवून जा, संध्याकाळी नवी करून देतो." दुसऱ्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "हे काम तुमचं तुम्ही घरी करा. माझ्याकडे नको." या दोघांपैकी विश्वास कुणावर ठेवाल? घाई करू नका. बाजारात घाईने दिलेलं उत्तर बहुधा महागात पडतं. आधी ऐका.

खाडी जिथे समुद्राला मिळते अशा एका बंदरगावात एक वृद्ध घड्याळजी राहत असत. गाव त्यांना जिवाजीकाका म्हणे. बाजारपेठेतून जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर टांगलेली बंद घड्याळं. कुणी थट्टेने म्हणालं, "काका, तुमच्या दुकानात एकही घड्याळ चालू नाही," की काका शांतपणे म्हणत, "दवाखान्यात आजारी माणसंच असायची. बरी झाली की मी घरी पाठवतो."

त्यांच्या हाताखाली विश्राम नावाचा एक शिष्य होता. तिशीला टेकलेला, संसारी माणूस. हात विलक्षण कसबी. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरून तो गप्पा मारू शके. पण मन उतावळं. काम हातातून कधी एकदा सुटतं आणि गिऱ्हाईक "वा!" म्हणतं, याकडे त्याचे कान लागलेले असत.

त्या वर्षी काकांच्या हाताला कंप सुटला होता. परगावी दिलेली मुलगी "माझ्याकडे या" म्हणून कधीची मागे लागली होती. एके दिवशी काकांनी विश्रामला समोर बसवून सांगितलं, "नारळी पौर्णिमेनंतर मी लेकीकडे जाणार. सुट्या कामांवर या दुकानात एका संसाराचंसुद्धा भागत नाही, हे तुला ठाऊक आहे. वर्षानुवर्षं टिकेल असं एखादं बांधलेलं काम तुझ्या हाताला लागलं, तर दुकान तुझं. नाहीतर मी टाळं लावीन आणि तू दुसरीकडे चाकरी बघ. तुला उपाशी बसवून जाण्यापेक्षा ते बरं."

विश्रामची झोप उडाली. त्यात भर म्हणून रस्त्याच्या पलीकडे घड्याळांचं एक नवं दुकान उघडलं होतं. तिथे पॉलिशचं विजेवर चालणारं यंत्र होतं. यंत्र गरगर फिरे, काळवंडलेलं घड्याळ त्यावर धरलं की आरसा होऊन बाहेर येई, आणि तोवर गिऱ्हाइकाला चहा मिळे. आता चहा आणि चकाकी दोन्ही फुकट मिळाल्यावर माणूस रस्ता ओलांडणारच!

अशा वेळी एका सकाळी हरेश्वरशेठ काकांच्या दुकानात शिरले. शेठ म्हणजे बंदरातले मोठे नौकामालक. आवाज असा, की जेटीवर बोलले तर पलीकडच्या काठावर ऐकू जावं. मनगटावरचं घड्याळ सोडून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"काका, हे बघा. याला काय म्हणायचं?"

घड्याळ काशाचं होतं. मूळचा सोनेरी रंग जाऊन जुन्या चिंचेसारखी तपकिरी छटा आली होती, आणि कडेकडेला, खाचाखोचांत, हिरवं चढलं होतं.

"पौर्णिमेला होड्यांची पूजा," शेठ सांगू लागले. "होड्या रंगवल्या, निशाणं नवी शिवली, आणि होड्या चालवणाऱ्या माझ्या तांडेलांच्या मनगटावर हे शेवाळ! सगळ्यांना मीच दिली आहेत हो ही घड्याळं. काशाची मुद्दाम घेतली. म्हटलं, होडीचा पंखा त्याच जातीच्या धातूचा, खाऱ्या पाण्यात जन्म काढतो, तर घड्याळ का नाही काढणार? आता हे माझं तेवढं आरशासारखं करून द्या. मनाला आलं तर सगळ्या तांडेलांची घड्याळं तुमच्याकडे. यंदाचीच नाही, दरसालची देखभाल तुमच्याकडे."

विश्रामने हातातलं काम बाजूला ठेवलं. ज्याची वाट पाहत होतो ते काम आपल्या पायांनी चालत आलं होतं! त्याने पुढे होऊन हात लांबवला, पण काकांनी घड्याळ आधीच उचललं होतं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी ते सावकाश फिरवून पाहिलं. चावीपाशी येऊन ते क्षणभर थांबले. मग भिंग काढून त्यांनी विचारलं, "शेठ, घरी लिंबू आहे?"

"लिंबू? सरबत पाजताय की काय?"

"आणि मीठ?"

"काका, मी मासळीचा व्यापार करतो. माझ्या घरी मीठ नसेल तर कुणाच्या असेल?"

"मग झालं. हे घड्याळ घरी न्या आणि स्वतःच्या हाताने साफ करा. आधी पट्टा सोडा, चामड्याला लिंबू लागता कामा नये. चावी घट्ट आत आहे ना बघा. घड्याळ पाण्यात बुडवायचं नाही. लिंबाच्या रसात चिमूटभर मीठ विरघळवा, मऊ फडक्याचं टोक त्यात भिजवा, आणि जिथे हिरवं दिसतं तिथेच हलक्या हाताने फिरवा. तपकिरीच्या वाटेला जाऊ नका. मग ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. आणि रोजच्यासारखं हातात घालून बंदरावर फिरा. थोड्या दिवसांनी मला आणून दाखवा."

शेठ काकांकडे पाहतच राहिले. "म्हणजे मी तुम्हाला काम द्यायला आलो आणि तुम्ही मलाच भांडी घासायला बसवता?"

"भांडी कुठे, शेठ? एकच तर घड्याळ."

"वा रे दुकानदारी! समोरचा म्हणतो, बसा, चहा घ्या, कप खाली ठेवायच्या आत आरसा करून देतो." शेठनी घड्याळ खिशात टाकलं आणि हसावं की रागवावं हे न कळून ते तरातरा बाहेर पडले.

विश्रामचा चेहरा उतरला. घरात आलेली लक्ष्मी काकांनी उंबऱ्यावरून परत पाठवली, असं त्याला वाटलं. काका दुसऱ्या घड्याळात डोकं घालून बसले होते. "जरा जाऊन येतो," एवढंच पुटपुटून तो निघाला आणि कोपऱ्यावर त्याने शेठना गाठलं.

"शेठ, ओ शेठ! काकांचं मनावर घेऊ नका. म्हातारे झालेत ते. द्या इकडे, मी करून देतो."

"तू? गुरूला न विचारता?"

"आरशासारखं करतो. भांग पाडाल त्यात."

शेठना गंमत वाटली. "बघ हं. समोरच्याकडेही आमच्या बुधाजी तांडेलाचं घड्याळ दिलंय नमुन्याला. त्याचं बघतो, तुझंही बघतो. या आठवड्याच्या बाजाराला येईन मी."

विश्राम घड्याळ घेऊन घरी गेला तेव्हा त्याची बायको सुरंगा परसात तांब्यापितळेचा ढीग मांडून बसली होती. सणाआधी घरातला झाडून सारं तांबं-पितळ बाहेर काढायचं, चिंचेच्या कोळात भिजवायचं, वरून रांगोळीने घासायचं आणि लखलखीत करून फळीवर लावायचं, हा त्या किनाऱ्यावरचा घरोघरचा रिवाज. ज्या घरची समई काळी त्या घरची सून आळशी, असं सरळ गणित.

"अहो, हे काय आणलंत? बेडूक?"

"घड्याळ आहे. काशाचं."

"काशाचं? आमच्या आजीकडे काशाची वाटी होती, तळपायाला तूप लावून घासायची. ती नाही हो कधी अशी हिरवी झाली."

"तुझ्या आजीची वाटी समुद्रावर जात नव्हती," विश्राम म्हणाला आणि तिच्या शेजारी उकिडवा बसला.

काकांनी शेठना सांगितलेली रीत त्याच्या कानात होती. हलका हात, फक्त हिरवं, तपकिरीला शिवायचं नाही. पण असल्या नाजूकपणाने आरसा होतो थोडाच? आणि समोर ही समई डोळे दिपवत होती. लहानपणापासून जे पाहिलं तेच हाताने केलं. पट्टा काढला, चावी दाबली, आणि घड्याळाला चिंचेचा कोळ थापून वरून रांगोळीची चिमूट घेतली. घास घास घासलं. हिरवं गेलं, तपकिरी गेलं, आणि खालून असं पिवळंधमक तेज वर आलं की सुरंगाने घड्याळाच्या पाठीत स्वतःला न्याहाळून घेतलं.

"अगबाई! माझ्या नाकातली चमकीसुद्धा दिसते यात!"

"आता बघ," विश्राम म्हणाला. "दुकान आपलं झालंच म्हणून समज."

दुसऱ्या दिवशी त्याने ते घड्याळ काकांसमोर ठेवलं. न विचारता केल्याबद्दल बोलणी बसतील, त्याची तयारी ठेवूनच. पण काकांनी ते नुसतं उजेडात धरलं.

"हात चांगला आहे तुझा."

"मग... शेठना देऊ ना?"

"दे की. बाजाराच्या दिवशी येतील तेव्हा दे. तोवर पट्टा लाव आणि तुझ्याच मनगटाला बांध. आणि रोज सकाळी जेटीवर जाऊन होड्या पाण्यात ढकलायला हात लाव. दोर ओढ."

"मी? काका, घड्याळजी कधी होड्या ढकलतो का?"

"गुरू म्हातारे झालेत ना?" काका भिंगातून मान वर न करता म्हणाले. "मग तरण्या शिष्याने थोडे कष्ट करावेत."

विश्रामचे कान लाल झाले. रस्त्याच्या कोपऱ्यावर बोललेलं यांना ऐकू कसं आलं, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

तो जेटीवर जाऊ लागला. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून होडीला खांदा लावायचा, ओले दोर ओढायचे, घामाचं आणि समुद्राचं मीठ एकत्र अंगावर वाळवायचं. कोळी हसत. "काय रे विश्राम, घड्याळं पुरेनात का पोटाला?" तोही हसून वेळ मारून नेई. मनगटावरचं घड्याळ उन्हात झळकलं की मात्र त्याला बरं वाटे.

मग एका दुपारी जेवण वाढताना सुरंगा थबकली. "अहो, तुमच्या आरशाला पिंपळ फुटला."

विश्रामने हात वर केला. चावीच्या बुडाशी, काशाचा आणि चावीचा सांधा जिथे येतो तिथे, फिकट हिरवा एक ठिपका उगवला होता. मोहरीएवढाच. बोट लावलं तर पिठासारखा बोटाला लागला. त्याने ताटावरून उठून लिंबू पिळलं, फडकं फिरवलं, ठिपका गेला. दुसऱ्या दिवशी जेटीवरून परत आला तो ठिपकाही परत आलेला, तिथेच. पुन्हा पुसला. पुन्हा आला. बाकीच्या घड्याळाचीही कळा गेली होती. आरसा मळला होता आणि जागोजाग ओल आलेल्या भिंतीसारखे चट्टे दिसू लागले होते.

चट्ट्यांचं त्याला काही वाटलं नाही. ते घासले की जातील. पण त्या एका ठिपक्याने त्याला अस्वस्थ केलं. बाजाराच्या आदल्या दिवशी तो काकांपुढे जाऊन बसला आणि त्याने हात टेबलावर ठेवला.

काकांनी पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं.

"आला ना? त्याच जागी?"

"तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"विश्राम, काशावर दोन प्रकारचे रंग चढतात. एक हा तपकिरी. तो धातूने स्वतःच्या अंगावर हळूहळू विणलेला शेला आहे. तो खालच्या काशाला सांभाळतो. तू तो रांगोळीने फाडून काढलास. काही बिघडत नाही, तो पुन्हा विणला जाईल. दुसरा हा फिकट, भुकटीसारखा हिरवा. बाहेरून लागलेला असता तर एकदा पुसल्यावर गेला असता. हा जात नाही, कारण हा आतून येतो. चावीच्या बुडाशी रबराची बारीक कडी असते. ती झिजली आहे. तिथून खारं पाणी शिरतंय आणि मीठ सांध्यात घर करून बसलंय. आज बाहेर भुकटी दिसते. थोड्या दिवसांनी आतली चाकं गंजतील, आणि घड्याळ थांबेल ते भर समुद्रात. जो डाग पुसल्यावर पुन्हा त्याच जागी येतो, तो डाग नसतो, ती हाक असते. तिला पुसायचं नसतं, तिला 'ओ' द्यायची असते."

विश्रामने ठिपक्यावरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाला, "पण काका, हे तुम्ही शेठना त्याच वेळी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर शेठ काय म्हणाले असते?"

विश्रामने विचार केला. "म्हणाले असते, म्हातारा काम वाढवतोय."

"नारळवाला नारळ वाजवून 'गोड आहे, घ्या' म्हणतो, तेव्हा आपण मुद्दाम शेजारचा उचलतो. तोच नारळ त्याने आपल्या हातात देऊन 'तुम्हीच हलवून बघा' म्हटलं, की आपण तो मुकाट्याने पिशवीत टाकतो. शेठनी स्वतःच्या हाताने पुसला असता, स्वतःच्या डोळ्यांनी परत आलेला पाहिला असता, तर मला एक शब्द बोलावा लागला नसता. माणसाला जे स्वतःला दिसलं, ते त्याला पटवावं लागत नाही."

"आणि मी मधे पडलो," विश्राम हळूच म्हणाला. "शेठनी काहीच पाहिलं नाही. जे पाहिलं ते मी."

"खरं आहे. ते काम तू माझ्या हातून काढून घेतलंस. आता ते तुझं."

काकांनी दिवा जवळ ओढला आणि ते पुन्हा कामाला लागले. पुढे काय करावं, याबद्दल चकार शब्द नाही.

मंडळी, आता विश्रामच्या जागी बसून बघा. शेठ येणार होते. अर्धा तास आधी चिंच-रांगोळी फिरवली की घड्याळ पुन्हा आरसा. ठिपका लगेच थोडाच उगवतो? शेठ खूश, काम पक्कं, दुकान पदरात. ठिपका दिसेल तेव्हा होड्या पाण्यात गेलेल्या असतील, आणि दोष समुद्राला देता येईल. समुद्र काही उलटून बोलत नाही. दुसरीकडे खरं बोलावं, तर आरसा नाही, काम नाही, आणि पौर्णिमेनंतर टाळं.

बाजाराच्या दिवशी सकाळी तो टेबलाशी बसला होता. पुढ्यात लिंबू आणि फडकं, बाजूला घरून आणलेली रांगोळीची पुडी. त्याने पुडीची घडी एकदा उलगडली. पुन्हा घातली. इतक्यात बाहेर शेठचा आवाज ऐकू आला, आणि विश्रामने पुडी उचलून दाराबाहेर गटारात टाकली.

"काय रे, झाला का आरसा?"

विश्रामने घड्याळ पुढे केलं. ठिपक्यासकट.

शेठच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे? याच्यात भांग पाडू?"

"आरसा केला होता शेठ. हा ठिपका दोनदा पुसला, दोनदा परत आला." आणि त्याने कडीचं, मिठाचं, गंजाचं सगळं सांगितलं. "बाकीच्यांचीही अशीच असणार. वरून चकाकी देऊन उपयोग नाही. उघडायला हवीत."

"असं का!" शेठ खो-खो हसले, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. "पुसायला दिलं तर उघडायला हवं म्हणतोस. उघडलं की म्हणशील, आतलं सगळं बदलायला हवं. काम वाढवतोयस होय रे?"

अगदी तेच शब्द! विश्रामने काकांकडे पाहिलं. काका एका स्क्रूकडे असे बघत होते, जणू दुकानात दुसरं कुणी नाहीच.

विश्राम उठला. त्याने पुढ्यातलं लिंबू फडक्यात गुंडाळलं आणि शेठच्या हातात दिलं.

"मग मला काहीच काम देऊ नका. हे घरी न्या. तुमच्या हाताने पुसा. ठिपका गेला की घड्याळ बांधून जेटीवर जा आणि दोर ओढा. परत आला नाही तर मी खोटा, गावभर सांगा. पण त्याच जागी परत आला, तर उघडून घ्या. माझ्याकडे नको, हव्या त्याकडे घ्या, पण पौर्णिमेआधी घ्या. खोल पाण्यात तुमचे तांडेल असल्याच घड्याळांवर भरती-ओहोटी मोजणार आहेत."

"गुरू तसा चेला!" शेठ गरजले. "दोघांनाही मला घासायला लावायचंच होतं!" आणि घड्याळ खिशात टाकून ते निघून गेले. रागारागात का होईना, लिंबू मात्र घेऊन गेले.

संध्याकाळी सुरंगाने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे काम गेलं?"

"बहुतेक."

"आणि वर लिंबूही आपलंच दिलंत?" ती म्हणाली, आणि दोघं इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर हसली. मग ती म्हणाली, "चाकरी काय, कुठेही मिळेल. तोंड लपवून जेटीवरून जावं लागणार नाही, हे बरं झालं."

पुढचे दिवस दुकानात कुणी फिरकलं नाही. काका भिंतीवरची बरी झालेली घड्याळं एकेक करून ज्याची त्याला पोचवू लागले. भिंत उघडी पडत चालली. विश्राम मुकाट्याने खिळे उपटत होता.

आणि एका सकाळी जेटीच्या बाजूने गलका ऐकू आला. आधी आवाज आला, मग त्यामागून शेठ.

"विश्राम! अरे आहेस कुठे लेका!"

शेठच्या मागे अख्खी फौज होती. सगळे तांडेल. दुकानात मावेनात म्हणून दोघे पायरीवर, एक खिडकीत. शेठनी मनगट विश्रामच्या नाकापुढे धरलं. हाताला लिंबाचा घमघमाट.

"पुसला! या हाताने पुसला! बायको म्हणते, लोणचं घालताय की घड्याळ घासताय? पुसला आणि आला. पुन्हा पुसला, पुन्हा आला. त्याच जागी रे, केसभर इकडे नाही की तिकडे नाही! मग म्हटलं, बुधाजीचं बघू."

पांढऱ्या मिशांचा बुधाजी तांडेल पुढे झाला. त्याचं घड्याळ समोरच्या दुकानातल्या यंत्रावरून आलेलं, आणि चावीच्या बुडाशी तोच फिकट हिरवा दाणा. "विचारायला गेलो तर मला म्हणतो, आजोबा, डोळे तपासून घ्या. अरे, या डोळ्यांनी मी धुक्यात दीपस्तंभ ओळखतो! मला हा ठिपका दिसणार नाही?"

मग टेबलावर घड्याळांवर घड्याळं पडू लागली. प्रत्येकजण आपला ठिपका पुढे करून दाखवत होता, जणू कौतुकाची वस्तू. फक्त एक तरुण तांडेल हिरमुसून म्हणाला, "माझ्याला नाही."

"तुझ्याला कसा असेल?" बुधाजी म्हणाला. "तुझं मनगटावर असतं कधी? लग्नात मिरवायला कपाटात ठेवलंयस ते!"

दुकान हशाने भरून गेलं.

विश्रामने सगळ्यांदेखत शेठचं घड्याळ उघडलं. सगळे पुढे वाकले. चावीच्या दांड्यावर गंजाची एक तांबूस रेघ उमटली होती. चाकांपर्यंत अजून पोचली नव्हती.

"वेळेवर आणलंत," तो म्हणाला. त्याने सांध्यातलं मीठ टोकाने कोरून काढलं, दांडा साफ केला, तेलाचा थेंब सोडला, नवी कडी बसवली आणि घड्याळ मिटलं. एवढ्या गर्दीत त्याचा हात एकदाही अडखळला नाही.

"आता वरून आरसा?" शेठनी विचारलं.

"नको शेठ. चट्टे आपोआप एकसारखे होतील. तो तपकिरी रंग काशाचा शेला आहे. राहू द्या अंगावर."

शेठनी घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटून ऐकलं, आणि मग आपल्या त्या प्रसिद्ध आवाजात, रस्त्यापलीकडे सहज पोचेल असं, म्हणाले, "यंदाची सगळी तुझ्याकडे. पुढच्या साली तुझ्याकडे. माझ्या होड्या तरंगतात तोवर तुझ्याकडे! आणि ऐक, इतर नौकामालकांनाही मी प्रत्येकी एक लिंबू धाडणार आहे."

तांडेलांनी असा जल्लोष केला की भिंतीवरचं एक बंद घड्याळ दचकून टोले देऊ लागलं. काकांनी उठून ते थांबवलं आणि खाली बसताना ते आपल्या खुर्चीवर बसले नाहीत; बाकावर बसले. खुर्ची रिकामीच राहिली. विश्रामला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि तो खुर्चीत बसून बुधाजीचं घड्याळ उघडू लागला.

नारळी पौर्णिमेला होड्या सजून जेटीला लागल्या. नारळ वाहिले गेले, ढोल वाजले. निघण्याआधी शेठ काठावर उभे राहिले आणि सगळ्या होड्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "तांडेल! वाजले किती?"

प्रत्येक होडीवरून तपकिरी घड्याळ बांधलेलं एक मनगट वर गेलं, आणि सगळ्या गळ्यांतून एकच वेळ एकाच दमात उमटली. काठावरचे लोक टाळ्या पिटू लागले. सुरंगाने विश्रामच्या बरगडीत कोपर मारलं. विश्राम त्या मनगटांकडे पाहत होता. एकही घड्याळ चकाकत नव्हतं, आणि आपल्या हातून याहून सुंदर काम आजवर झालेलं नाही, हे त्याला लख्ख दिसत होतं.

मंडळी, तुमच्या घरच्या, दुकानाच्या हिशेबातही एखादी तूट अशी असेल, जी दर महिन्याला त्याच रकान्यात डोकं वर काढते. पान सुंदर दिसावं म्हणून ती खोडू नका. ती कुठून येते ते आत उतरून पाहा. तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे: हिशेब खरा ठेवा.